समुद्र आणि आपल्या घरची टोपली



नारळी पौर्णिमेच्या दिवशीं आपले कोळी बांधव समुद्रास नारळ अर्पण करतात आणि मग होड्या पाण्यांत लोटतात. पावसाळ्यांत खवळलेला दर्या आतां शांत व्हावा, घरधनी सुखरूप परत यावा, एवढीच त्यामागची प्रार्थना. त्या नारळाचें पुढें काय होतें, याची चिंता कोणास कधीं करावी लागली नाहीं. तो लाटांबरोबर कोठें तरी किनाऱ्यास लागे, कुजे अथवा रुजे. देवापुढचें निर्माल्य, केळीचीं पानें, काथ्याचा दोर, सुताचें किंवा तागाचें जुनें जाळें, असें जें जें समुद्राच्या स्वाधीन होई, तें तें तो कालांतरानें पचवून टाकी. समुद्राच्या पोटांत सारें मावतें, ही समजूत अशा अनुभवांतून जन्मास आली, आणि त्या काळीं ती फारशी खोटी नव्हती. ती खोटी कशी ठरत गेली, याची हकीकत आज मी आपणांपुढें मांडणार आहें. कारण त्या हकीकतींत आपल्या स्वयंपाकघरांतील कचऱ्याच्या टोपलीचाहि वांटा आहे.

१९३३ सालीं इंग्लंडांत नॉर्थविच येथील एका रासायनिक कारखान्यांत दोन शास्त्रज्ञ एका वायूवर मोठा दाब देऊन प्रयोग करीत होते. प्रयोगाचा अपेक्षित परिणाम साधला नाहीं. मात्र पात्रांत मेणासारखा एक पांढरा पदार्थ शिल्लक राहिला. तेंच पॉलिथीन. दोन वर्षांनीं, १९३५ सालीं, अमेरिकेंत कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेंत नायलॉन तयार झालें. दुसऱ्या महायुद्धांत पहिला पदार्थ रडारच्या तारांचें आवरण म्हणून, तर दुसरा हवाई छत्र्यांसाठीं उपयोगी पडला. युद्ध संपलें आणि दोघेहि संसारांत शिरले. १९६५ सालीं स्वीडनमधील एका कंपनीस एकसंध पॉलिथीनच्या पिशवीचें पेटंट मिळालें. सुती जाळ्यांची जागाहि हळूहळू नायलॉनच्या जाळ्यांनीं घेतली. हे पदार्थ हलके, स्वस्त आणि न कुजणारे. बाजारांत हा त्यांचा गुण ठरला. समुद्रांत हाच त्यांचा दोष ठरला.

समुद्राची सहनशक्ति अमर्याद नाहीं, हें जगाला प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसलें तें तेलामुळें. मार्च १९६७ मध्यें टॉरी कॅनियन नांवाचें तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर आपटलें आणि सुमारें एक लाख टन खनिज तेल पाण्यांत पसरलें. हजारों समुद्रपक्षी मेले. त्यानंतर राष्ट्रें जागीं झालीं. १९७२ सालीं लंडन येथें समुद्रांत कचरा टाकण्यावर निर्बंध घालणारा करार झाला. १९७३ व १९७८ या सालीं जहाजांपासून होणाऱ्या दूषणासंबंधीं ‘मारपोल’ हा करार सिद्ध झाला. त्याच्या एका परिशिष्टान्वयें ३१ डिसेंबर १९८८ पासून जहाजांवरून प्लास्टिक समुद्रांत टाकण्यास मनाई झाली.

परंतु कायदा जहाजांकडे पाहत होता, आणि दोष केवळ जहाजांचा नव्हता. हें ध्यानीं येण्यास एक साधा उपक्रम फार उपयोगी पडला. १९८६ सालीं अमेरिकेच्या टेक्सस किनाऱ्यावर सुमारें २८०० स्वयंसेवक कचरा वेंचण्यास जमले. किनारा झाडण्याचें काम त्यापूर्वींहि लोक करीतच होते. येथें नवें होतें तें हें कीं, त्यांनीं वेंचलेली प्रत्येक वस्तु कागदावर नोंदली. पुढें हा उपक्रम अनेक देशांत पसरला आणि नोंदींचा ढीग वाढत गेला. त्या नोंदींत बाटल्या, बुचें, खाद्यपदार्थांचीं वेष्टनें, विड्या-सिगारेटींचीं थोटकें हींच नांवें पुनः पुनः येऊं लागलीं. या वस्तूंचा धनी कोणी दूरचा कप्तान नसून सामान्य गृहस्थ आहे, हें उघड झालें.

पुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. प्लास्टिक नाहींसें होत नाहीं; ऊन, लाटा आणि वाळू यांच्या योगानें त्याचे तुकडे होतात, आणि तुकड्यांचे कण होतात. २००४ सालीं ब्रिटिश संशोधक रिचर्ड थॉम्पसन व त्यांचे सहकारी यांनीं किनाऱ्याच्या वाळूंत आणि समुद्राच्या पाण्यांत असे सूक्ष्म कण दाखवून दिले. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, २०१० या एका वर्षांत किनाऱ्यावरील देशांतून ४८ लाख ते १ कोटि २७ लाख टन प्लास्टिक समुद्रांत गेलें असावें. मोठा तुकडा हातानें उचलतां येतो. कण झाल्यावर तो उचलणारा हात नाहीं. म्हणून वेळेला येथें फार महत्त्व आहे.

आतां आपल्या घराकडे वळूं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेंत एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि शहर बुडालें. पाण्याच्या वाटा अडविणाऱ्या कारणांत पिशव्यांनीं तुंबलेलीं गटारें हेंहि एक होतें. २०१८ सालीं महाराष्ट्र सरकारनें पिशव्यांसह अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. त्याआधींच, ऑक्टोबर २०१५ मध्यें, वेसाव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह नांवाचे एक वकील एका वृद्ध शेजाऱ्यास बरोबर घेऊन कचरा उचलूं लागले होते. दोघांचे शेंकडों झाले. सुमारें अडीच किलोमीटरचा तो किनारा उघडा पडला. मार्च २०१८ मध्यें त्याच वाळूंतून ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांचीं पिलें निघून समुद्राकडे जातांना लोकांनीं पाहिलीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांवीं २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र संस्थेनें ग्रामस्थांच्या साह्यानें याच कासवांचीं अंडीं राखलीं आहेत. किनारा मोकळा मिळाला तर समुद्र आपलें देणें परत आणून देतो.

तथापि वेसाव्याच्या कथेचा दुसरा भाग विसरूं नये. दर पावसाळ्यांत भरतीचें पाणी नवा कचरा घेऊन येतें आणि साफ केलेली वाळू पुनः झांकली जाते. नाल्यांतून जें खाडींत जातें, तेंच लाटांवाटे परत येतें. म्हणजे किनाऱ्यावरची झाडलोट कितीहि पुण्याची असली, तरी ती शेवटची पायरी आहे. पहिली पायरी घराच्या उंबऱ्याशीं आहे.

ती पायरी चढणें अवघड नाहीं. बाजारास जातांना खांद्यावर कापडी पिशवी घ्यावी. ओला व सुका कचरा घरींच निराळा ठेवावा. निर्माल्य पिशवींत बांधून पुलावरून फेंकूं नये. तें झाडाच्या आळ्यांत घालावें, म्हणजे त्याची माती होईल. किनाऱ्यावर फिरावयास गेल्यास आपण नेलेली वस्तु आपणच परत आणावी, आणि जमल्यास दुसऱ्याची एक तरी उचलावी. मच्छीमार बंधूंनीं फाटलेलें जाळें पाण्यांत न सोडतां किनाऱ्यास आणावें. कारण सोडून दिलेलें नायलॉनचें जाळें धन्यावांचूनहि मासे व कासवें धरीतच राहतें.

आपल्या आजोबांनीं समुद्रास नारळ दिला, आणि तो समुद्रानें पचविला. आपण त्यास जें देतों, तें तो पचवूं शकत नाहीं. पूजेची रीत तीच राहो. समुद्रास द्यावयाची वस्तु मात्र आपण पारखून घेऊं या.