पुढचा मॅनेजर कोण? इंग्लिश फुटबॉलमधल्या एका जुन्या वादाची कुळकथा

इंग्लंडमध्ये फुटबॉल क्लबचा मॅनेजर नेमण्याचा अधिकार मालकांचा आणि संचालक मंडळाचा. तिकीट काढून दर शनिवारी मैदानावर येणाऱ्या चाहत्याला त्यात मत नाही. तरीही एखादा मॅनेजर जाणार अशी कुणकुण लागली, की त्याच्या जागी कोण यावा याची चर्चा गावभर सुरू होते. ती खेळाइतकी जुनी मात्र नाही. पराभवाचे खापर ज्याच्या एकट्याच्या डोक्यावर फोडता येईल असा माणूस आधी तयार व्हावा लागला, आणि त्याला बराच काळ लागला.

जून १८८६ मध्ये बर्मिंगहॅमच्या ॲस्टन व्हिला क्लबने स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात दिली : मॅनेजर पाहिजे, पगार वर्षाला १०० पौंड. अर्जांचा ढीग पडला आणि निवड झाली क्लबच्याच माजी कर्णधाराची, जॉर्ज रॅमझी यांची. ते १९२६ पर्यंत पदावर राहिले. या चाळीस वर्षांत व्हिलाने सहा वेळा लीग आणि सहा वेळा एफए चषक जिंकला. एवढे यश पदरी असूनही रॅमझी ओळखले जात ते क्लबचे सेक्रेटरी म्हणून. पत्रव्यवहार, हिशेब, प्रवासाची व्यवस्था, नव्या खेळाडूंचा शोध ही त्यांची कामे. शनिवारी कोणते अकरा जण उतरवायचे हे समिती ठरवी. बहुतेक क्लबांत हाच प्रकार होता. गावातले व्यापारी आणि कारखानदार संचालक होत, आठवड्यातून एकदा बैठक घेत आणि मतदानाने संघ निवडत. चाहत्यांच्या तक्रारीही मग त्यांच्याच नावाने असत : अमक्याला वगळले का, तमक्याला विकले कशाला. शनिवारी संध्याकाळी सामन्यांचे निकाल घेऊन निघणारी गुलाबी किंवा हिरव्या कागदावरची क्रीडापत्रे, उदाहरणार्थ शेफील्डचे १९०७ पासूनचे ‘ग्रीन अन’, ही अशा तक्रारींची हक्काची जागा. मॅनेजर बदला अशी मागणी करण्यात अर्थ नव्हता, कारण त्याच्या हाती काही नव्हते.

हे चित्र पालटले ते हर्बर्ट चॅपमन यांच्यामुळे. १९२५ मध्ये लंडनच्या आर्सेनलने ‘ॲथलेटिक न्यूज’मध्ये जाहिरात दिली. खेळाडूंच्या खरेदीवर भरमसाट पैसा ओतल्याशिवाय ज्यांना संघ बांधता येत नाही त्यांनी अर्जाची तसदी घेऊ नये, असे तीत बजावले होते. हडर्सफील्डला लागोपाठ दोनदा लीग जिंकून देणारे चॅपमन आले आणि तीन वर्षांनी त्यांनी बोल्टनच्या डेव्हिड जॅकसाठी दहा हजार पौंडांहून अधिक रक्कम मोजली. त्या काळातला हा विक्रम होता. जाहिरातीतली अट तोवर कोणाला आठवतही नसावी. चॅपमन यांनी संघनिवड, डावपेच, सराव, खरेदी-विक्री सारे एका हातात घेतले. मैदानाजवळच्या भुयारी रेल्वेच्या गिलेस्पी रोड स्थानकाला १९३२ मध्ये आर्सेनल हे नाव मिळाले तेही त्यांच्याच पाठपुराव्याने. १९३० चा चषक, १९३१ आणि १९३३ ची लीग, आणि जानेवारी १९३४ मध्ये न्यूमोनियाने अचानक मृत्यू. त्यांची जागा कोण घेणार हा प्रश्न साऱ्या देशाचा झाला. संचालकांनी आपल्यातल्याच जॉर्ज ॲलिसन यांना बसवले. हे गृहस्थ पत्रकार आणि रेडिओवरचे समालोचक. स्वतः कधी नामांकित खेळाडू नव्हते. त्यांच्या कारकिर्दीत आर्सेनलने आणखी दोनदा लीग जिंकली.

चॅपमननंतर मॅनेजर म्हणजे संघाचा कर्ता, ही समजूत रुजली. व्यवहारात ती उतरायला आणखी तीस वर्षे गेली. मॅट बझबी यांनी १९४५ मध्ये मँचेस्टर युनायटेडची नोकरी स्वीकारताना संघनिवड आपल्याच हाती राहील हे आधी वदवून घेतले. राष्ट्रीय संघाची निवड तर एफए या इंग्लिश फुटबॉल संघटनेची समितीच करी. १९६३ मध्ये सूत्रे हाती घेणाऱ्या आल्फ रॅमझी यांनी ती मोडीत काढायला लावली आणि तीन वर्षांत विश्वचषक आणला. त्यानंतर समितीचे नाव कोणी काढले नाही. दरम्यान ऑगस्ट १९६४ मध्ये बीबीसीचे ‘मॅच ऑफ द डे’ सुरू झाले आणि मॅनेजर घरोघरी दिसू लागले, बोलू लागले. ज्याचा चेहरा आणि आवाज ओळखीचा, त्याच्याबद्दल मत असणारच.

चाहते मॅनेजरसाठी खरोखरच रस्त्यावर उतरले ते डर्बीत, ऑक्टोबर १९७३ मध्ये. ब्रायन क्लफ आणि त्यांचे सहकारी पीटर टेलर १९६७ मध्ये डर्बी काउंटीत आले तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत खितपत पडला होता. १९६९ मध्ये त्यांनी त्याला वर आणले, १९७२ मध्ये इतिहासातली पहिली लीग जिंकून दिली आणि पुढच्या हंगामात युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीत नेले. क्लफ यांची जीभ मात्र तिखट. टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांतून ते प्रतिस्पर्ध्यांना, अधिकाऱ्यांना, कधी स्वतःच्या संचालकांनाही सोलून काढीत. अध्यक्ष सॅम लाँग्सन यांनी हे बंद करा म्हणून तगादा लावला आणि महिन्याच्या मध्यास दोघांनी राजीनामे दिले. संचालकांनी ते तत्काळ स्वीकारले. क्लफ यांचा तसा अंदाज असेल असे वाटत नाही.

पुढचे काही दिवस डर्बीला दुसरा विषय नव्हता. १७ तारखेला वेम्बलीवर इंग्लंडला पोलंडविरुद्ध १-१ अशी बरोबरी पत्करावी लागून विश्वचषकाची दारे बंद झाली, तेव्हा बेकार झालेले क्लफ आयटीव्हीच्या स्टुडिओत बसून पोलंडच्या गोलरक्षकाला विदूषक म्हणत होते. तीन दिवसांनी डर्बीचा लेस्टरविरुद्ध सामना होता. क्लफ सूट घालून डर्बीच्या बेसबॉल ग्राउंड या मैदानावर आले, स्टँडमध्ये उभे राहिले, दोन्ही हात उंचावून लोकांचे अभिवादन घेतले आणि सामना रंगात येण्याआधीच टीव्हीवरच्या एका मुलाखतीसाठी लंडनला निघून गेले. राजकारणातल्या मुरब्बी माणसालाही हेवा वाटावा असा हा प्रवेश होता. नाटककार डॉन शॉ यांच्यासारख्या मंडळींनी निषेध चळवळ उभारली. सभा आणि मोर्चे निघाले. खेळाडूंनीही क्लफना परत आणा म्हणून सह्यांचे पत्र दिले.

संचालक बधले नाहीत, पण त्यांची चाल हुशारीची होती. त्यांनी शेजारच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टचे मॅनेजर डेव्ह मकाय यांना आणले. १९६९ च्या बढतीच्या वेळी मकाय डर्बीचे कर्णधार होते आणि गावाचे लाडके. त्यांच्यावर ‘परका’ म्हणून तुटून पडणे चाहत्यांना जड गेले. १९७५ मध्ये मकाय यांनी पुन्हा लीग जिंकली आणि चळवळीतली हवा गेली. क्लफ यांचे बस्तान नंतर फॉरेस्टमध्येच बसले. १९७७ च्या सुरुवातीला डर्बीने त्यांना परत बोलावून पाहिले. त्यांनी नकार दिला. पुढच्या तीन हंगामांत फॉरेस्टने लीग आणि दोन युरोपियन चषक जिंकले. चाहत्यांची पारख चुकली नव्हती, असे यावरून म्हणता येते. त्यांचे चालले नाही एवढेच. १९७७ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या जागेसाठीही लोकांच्या तोंडी क्लफ यांचेच नाव होते. एफएने त्यांची मुलाखत घेतली आणि शांत स्वभावाच्या रॉन ग्रीनवुड यांना नेमले.

या वादांना ऐंशीच्या दशकात स्वतःची साधने मिळाली. चाहत्यांनी स्वतः लिहून, छापून मैदानाबाहेर विकायची अनियतकालिके गावोगाव निघाली. १९८६ मध्ये सुरू झालेले ‘व्हेन सॅटरडे कम्स’ त्यांतले सर्वांत टिकाऊ. १९९१ पासून बीबीसीच्या रेडिओवर ‘सिक्स-ओ-सिक्स’ या कार्यक्रमात सामन्याहून घरी परतणारा माणूस फोन करून देशाला ऐकू जाईल अशा आवाजात मॅनेजरला काढा म्हणू लागला. सट्टेबाजीची दुकाने १९६१ पासून कायदेशीर होतीच. कालांतराने पुढच्या मॅनेजरवरही भाव निघू लागले. तेव्हापासून एखादे नाव चर्चेत आहे म्हणून त्याचा भाव उतरतो, की भाव उतरला म्हणून ते चर्चेत येते, हे सांगणे कठीण झाले आहे.

चाहत्यांच्या फसलेल्या अंदाजांत पहिला मान मँचेस्टर युनायटेडचा. डिसेंबर १९८९ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर एक कापडी फलक झळकला : तीन वर्षे सबबी ऐकल्या, खेळ आहे तसाच टाकाऊ, आता या. रोख ॲलेक्स फर्ग्युसन यांच्यावर होता, आणि तो फलक धरणाऱ्याच्या मनातलेच बरेच जण बोलत होते. महिन्याभरात एफए चषकाच्या तिसऱ्या फेरीत मार्क रॉबिन्सच्या गोलवर युनायटेडने फॉरेस्टला हरवले, त्या मोसमात चषकही जिंकला, आणि फर्ग्युसन २०१३ पर्यंत ३८ करंडक गोळा करीत राहिले. त्यांनी स्वतः सुचवलेल्या डेव्हिड मॉइज यांचे स्वागत ‘निवडलेला’ अशा फलकाने झाले. मार्च २०१४ मध्ये मॉइज नकोत असा फलक ओढणारे विमान मैदानावर घिरट्या घालून गेले. खालच्या प्रेक्षकांनी त्या विमानाचीच हुर्यो उडवली. पुढच्या महिन्यात मॉइज यांची गच्छंती झाली ती झालीच.

वैर असलेल्या क्लबातून माणूस आणला की वाद विकोपाला जातो. आर्सेनलला दोनदा लीग जिंकून देणारे जॉर्ज ग्रॅहम १९९८ मध्ये टॉटनहॅममध्ये आले. टॉटनहॅमच्या चाहत्यांनी घोषणांमध्ये त्यांचे नाव घ्यायचेच टाळले. त्यांच्या अंगावरच्या कोटावरून ‘रेनकोटवाला’ असा उल्लेख करीत वेळ मारून नेली. १९९९ चा लीग चषक जिंकूनही हा अबोला सुटला नाही. २००१ मध्ये ग्रॅहम गेले आणि लोकांच्या गळ्यातला ताईत असलेले माजी खेळाडू ग्लेन हॉडल आले. अडीच वर्षांत तेही गेले. बर्मिंगहॅममध्ये २०११ साली याहून मोठा भडका उडाला. ॲस्टन व्हिलाने आधी स्टीव्ह मॅक्लारेन यांना मुलाखतीला बोलावले आणि चाहत्यांचा ओरडा होताच ती रद्द केली. मग थेट शेजारच्या बर्मिंगहॅम सिटीचे ॲलेक्स मॅक्लीश यांचे नाव पुढे आले. सिटीची त्याच हंगामात खालच्या श्रेणीत घसरण झाली होती. व्हिला पार्कबाहेर जमाव जमला, भिंती रंगल्या. मालकांनी या वेळी माघार घेतली नाही. व्हिला सोळाव्या क्रमांकावर राहिला आणि वर्षभरात मॅक्लीश यांना नारळ मिळाला.

या घटना लागोपाठ मांडल्या की एक गोष्ट दिसते. हवा असलेला माणूस चाहत्यांना क्वचितच मिळाला. नको असलेल्याची वाट अडवणे त्यांना अधिक जमले. २०२१ मध्ये टॉटनहॅम जेनारो गट्टुझो यांच्याशी बोलणी करत आहे असे कळताच त्यांच्या जुन्या वक्तव्यांवरून चाहत्यांनी रान उठवले आणि क्लबने बोलणी थांबवली. उलट चेल्सीने २०१२ मध्ये रॉबेर्टो दी मॅटेओ यांना काढून लिव्हरपूलचे माजी मॅनेजर राफाएल बेनिटेझ यांना आणले, तेव्हा प्रेक्षक दर सामन्याच्या सोळाव्या मिनिटाला दी मॅटेओ यांच्यासाठी टाळ्या वाजवीत. सोळा हा त्यांच्या खेळाडू असतानाच्या शर्टाचा क्रमांक. बेनिटेझ यांनी युरोपा लीग जिंकली आणि ठरल्याप्रमाणे हंगामाअखेर गेले.

चाहत्यांच्या हाती सत्ता देण्याचा प्रयोगही होऊन गेला. २००८ मध्ये ‘मायफुटबॉलक्लब’ या योजनेत वीस हजारांहून अधिक लोकांनी माणशी ३५ पौंड भरले आणि पाचव्या पातळीवर खेळणाऱ्या एब्सफ्लीट युनायटेडचे बहुसंख्य भाग विकत घेतले. संघ कसा उतरवायचा हे सभासदांनी मतदानाने ठरवावे, अशी मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात सभासदांनी निवड मॅनेजर लियाम डेश यांच्यावर सोपवण्याच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी संघाने वेम्बलीवर एफए ट्रॉफी जिंकली. पुढे सभासदसंख्या झपाट्याने ओसरली आणि २०१३ मध्ये योजनेने क्लबमधून अंग काढून घेतले. क्लब दूर हलवण्याच्या निर्णयाच्या संतापातून २००२ मध्ये चाहत्यांनीच स्थापन केलेल्या एएफसी विम्बल्डनमध्येही सभासद मंडळ निवडतात आणि मॅनेजर क्लबचे पदाधिकारी नेमतात.

२०२५ च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने इंग्लंडमध्ये स्वतंत्र नियामक आणला आणि क्लबांवर चाहत्यांशी सल्लामसलत करण्याचे बंधन घातले. तिकिटांचे दर, बोधचिन्ह, घरच्या शर्टाचे रंग, मैदान हलवण्याचा बेत हे विषय त्यात येतात. मॅनेजरची नेमणूक त्या यादीत नाही.