जलप्रदूषण नियंत्रण सेवा, भारतातील
जलप्रदूषण नियंत्रण सेवा, भारतातील : नद्या, नाले, विहिरी इ. जलस्रोतांत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यावर शासनाच्या वतीने देखरेख ठेवणारे अभियंते, रसायनशास्त्रज्ञ व क्षेत्र अधिकारी यांची सेवा. जलपरीक्षण पूर्वी मुख्यत्वे पिण्याच्या पाण्यापुरते असे व ते आरोग्य खात्याकडे असे. नदीच्या प्रदूषणाविरुद्ध स्वतंत्र कायदा प्रथम ओरिसाने १९५३ साली केला. महाराष्ट्राचा कायदा १९६९ चा असून त्यानुसार १९७० मध्ये राज्याचे मंडळ स्थापन झाले. पाणी हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने काही राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्यावरच संसदेला १९७४ चा जलप्रदूषण (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम करता आला. महाराष्ट्राने तो १९८१ मध्ये स्वीकारला.

या अधिनियमाने रसायनशास्त्रज्ञाला न्यायालयाच्या दारात आणून उभे केले. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घेताना अधिकाऱ्याने भोगवटादाराला तेथल्या तेथे नोटीस द्यावी, त्याच्यासमक्ष नमुन्याचे दोन भाग करावेत, ते मोहोरबंद करावेत व त्यांवर दोघांच्या सह्या व्हाव्यात, असे कलम २१ सांगते. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेकडे जातो. भोगवटादाराने मागणी केल्यास दुसरा शासनाने नेमलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. यात चूक झाल्यास पृथक्करणाचा अहवाल पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. दिल्लीतील एका पेयनिर्मिती कारखान्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने १९८६ साली याच कारणास्तव अहवाल बाजूला ठेवला. सांडपाणी किती दूषित होते, हा प्रश्न मग गौण ठरतो. कारखानदाराच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्य आहे, हेही मान्य केले पाहिजे. कारण बाटली बदलली गेल्यास निरपराध माणूस दोषी ठरावयाचा.

अधिकाऱ्याची दुसरी अडचण वेळेची. जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीची परीक्षा पूर्वी २०° से. तापमानास पाच दिवस चाले. भारतात पुढे २७° से.ला तीन दिवसांची पद्धत रूढ झाली. तथापि बाटलीतील जंतू वाटेतही ऑक्सिजन वापरीतच असतात. म्हणून नमुना बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो.

प्रारंभी प्रदूषण तातडीने थांबवावयाचे, तर मंडळाला बहुधा न्यायालयाकडेच धाव घ्यावी लागे. १९८८ च्या दुरुस्तीने (कलम ३३ अ) कारखाना बंद करण्याचा, तसेच त्याचा वीज व पाणीपुरवठा तोडण्याचा आदेश देण्याचा अधिकार मंडळाला मिळाला. तेव्हापासून क्षेत्र अधिकाऱ्याच्या अहवालावर एखाद्या गावचे पाणी आणि कारखान्यातील कामगारांचा रोजगार ही दोन्ही अवलंबून राहू लागली.