दक्षिण–दक्षिण सहकार्य : धाराशिव जिल्हा

विकसनशील देशांनी एकमेकांना दिलेले अर्थसाहाय्य, तंत्रज्ञान, प्रशिक्षण आणि अनुभव यांना एकत्रितपणे दक्षिण–दक्षिण सहकार्य म्हणतात. असे बहुतेक व्यवहार सरकारांमध्ये होतात. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) व लातूर जिल्ह्यांतील उदाहरण त्याहून निराळे आहे. 1993 च्या भूकंपातून सावरलेल्या ग्रामीण महिलांनी तुर्कस्तानातील भूकंपग्रस्त महिलांपर्यंत आपला पुनर्वसनाचा अनुभव पोहोचवला.

जागतिक संदर्भ : या विचाराची पायाभरणी 1955 च्या बांडुंग परिषदेत झाली. भारताने 1964 मध्ये तांत्रिक व आर्थिक सहकार्याचा कार्यक्रम सुरू केला. 12 सप्टेंबर 1978 रोजी ब्युनोस आयर्स येथे 138 देशांनी यासंबंधीचा कृती आराखडा स्वीकारला.

पार्श्वभूमी : 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे 8,000 माणसे दगावली. धाराशिवमधील सास्तूर व आसपासच्या गावांना मोठा तडाखा बसला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे माळवदाचे (मातीच्या सपाट छताचे) ओझे हे जीवितहानीचे प्रमुख कारण ठरले. जागतिक बँकेच्या कर्जावर आधारलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात 52 गावे नव्या जागी वसवण्यात आली. इतर असंख्य गावांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः करावे, असे ठरले.

या दुसऱ्या भागात लोकसहभागाचे काम स्वयम् शिक्षण प्रयोग या उपक्रमाकडे आले. प्रेमा गोपालन (निधन 2022) यांच्या नेतृत्वाखालील हा उपक्रम 1998 मध्ये स्वतंत्र संस्था झाला. गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमण्यात आल्या. कोणाला किती मदत मिळणार हे समजावणे, बांधकामावर देखरेख ठेवणे आणि तक्रारी अधिकाऱ्यांपर्यंत नेणे ही त्यांची कामे होती. भिंतीत आरपार दगड बसवणे, माळवदावरची माती कमी करणे असे उपाय त्यांनी शिकून घेतले आणि घरोघर सांगितले.

देवाणघेवाण : 17 ऑगस्ट 1999 रोजी तुर्कस्तानच्या मार्मारा भागात झालेल्या भूकंपात 17,000 हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. महिलांच्या श्रमाला पाठबळ देणारी, 1986 मध्ये स्थापन झालेली इस्तंबूलची केईडीव्ही ही संस्था तेथील तंबू वसाहतींत महिला व बालकेंद्रे चालवत होती. तळागाळातील महिला संघटनांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून दोन्ही संस्था जोडल्या गेल्या आणि मराठवाड्यातील महिला तुर्कस्तानला जाऊन आल्या. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर त्यांनी कच्छमधील महिलांनाही असेच साहाय्य केले.

सामाजिक परिणाम : देणाऱ्या गावांमध्येही या व्यवहाराचे परिणाम झाले. मदतीच्या यादीतील लाभार्थी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महिलांना मार्गदर्शक म्हणून मान मिळाला. बांधकामाच्या निमित्ताने अधिकाऱ्यांशी बोलण्याचा सराव झालेल्या मंडळांतून बचतगट आणि त्यांचे संघ उभे राहिले. पुढे दुष्काळात हेच संघटन शेतीकडे वळले. घरच्या जमिनीपैकी सुमारे एक एकरावर कमी पाण्याची अन्नधान्ये व भाज्या घेण्याचा निर्णय महिलांनी स्वतः करायचा, हे ‘एक एकर’ शेतीचे सूत्र होते. या कामासाठी संस्थेला 2017 चा संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

तुर्कस्तानातील प्रश्न वेगळा होता. तेथे कायमस्वरूपी घरांचा हक्क मालकांपुरता मर्यादित राहिल्याने भाडेकरू कुटुंबे वगळली गेली. महिलांनी संघटित होऊन माहिती मागितली आणि पुढे गृहनिर्माण सहकारी संस्थांचा मार्ग धरला. प्रश्न घराच्या हक्काचा असल्याने दगडी घरांचे तंत्र तेथे जसेच्या तसे लागू पडणारे नव्हते. उपयोगी पडली ती प्रशासनाशी वाटाघाट करण्याची व सामूहिक देखरेखीची पद्धत.

मर्यादा : हा संवाद दुभाष्यांमार्फत झाला. मूळ पुनर्वसनाचा पैसा बव्हंशी जागतिक बँकेच्या कर्जाचा असल्याने या अनुभवाला निव्वळ दक्षिणेची, म्हणजे विकसनशील देशांची, निर्मिती म्हणता येत नाही. अशा भेटींतून रुपयांत मोजता येणारे साहाय्य फारसे दिले जात नाही, म्हणून देशांच्या मदतीच्या हिशेबात त्यांची नोंद क्वचितच होते. त्यांचा परिणाम पाहायचा तर पुढच्या संकटात किती महिला निर्णयप्रक्रियेत टिकून राहिल्या, हे तपासावे लागते.