असिस्टेड लिव्हिंगमध्ये राहणारे ज्येष्ठ: औषधांइतकाच दिनक्रमही महत्त्वाचा

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर अनेक वाड्यांत आता दोनच माणसे उरली आहेत आणि दोघांचेही वय सत्तरीपुढचे. मुले मुंबई-पुण्यात किंवा परदेशात. दोघांपैकी एक पडते किंवा जाते, आणि घरात प्रश्न उभा राहतो: आता आईला किंवा बाबांना कुठे ठेवायचे?

असिस्टेड लिव्हिंग म्हणजे रुग्णालय नव्हे आणि निराधारांसाठीचा वृद्धाश्रमही नव्हे. राहायला स्वतःची खोली असते. आंघोळ, औषधे, जेवण, चालणे यांत लागेल तेवढी मदत मिळते. रायगड जिल्ह्यात नेरळजवळ डिग्निटी फाउंडेशनने ज्येष्ठांसाठी उभारलेली वसाहत अनेकांना ऐकून माहीत असेल. अशा ठिकाणी जाण्याचा निर्णय घेताना पहिला प्रश्न त्या ज्येष्ठ व्यक्तीलाच विचारा. तपासायला येणारी बरीच कुटुंबे हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारतात.

‘लागेल तेवढीच’ मदत

या तीन शब्दांतला ‘च’ महत्त्वाचा आहे. वाडीत राहणारी बाई रोज अंगण झाडते, नारळाच्या झावळ्या ओढते, विहिरीचे पाणी काढते. नव्या जागी सगळे हातात मिळते आणि ती खुर्चीत बसून राहते. निरोगी ज्येष्ठ दहा दिवस अंथरुणावर राहिले तरी पायांचा सुमारे एक किलो स्नायू कमी होतो, असे अभ्यासात आढळले आहे. हा गेलेला स्नायू सत्तरीत सहज परत येत नाही. म्हणून ज्यांना स्वतः कपडे घालता येतात त्यांना ते घालू द्या, वीस मिनिटे लागली तरी चालेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार 65 वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व ताकदीचे व्यायाम करावेत. सगळ्यांना हे जमणार नाही. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणे-बसणे, दिवसातून तीनदा, जमेल तितक्या वेळा, हा माझ्या मते सर्वांत उपयोगी व्यायाम आहे. सुरुवातीला शेजारी कोणीतरी उभे राहावे.

हातांना काम द्या, पण ते खरे काम असावे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा विणणे, वाल सोलणे, गजरे करणे, जाळे शिवणे हे ज्यांनी आयुष्यभर केले त्यांच्या हातात लहान मुलांची रंगवायची चित्रे देऊ नयेत.

पडणे, पाऊस आणि रक्तदाब

पावसाळ्यात लाल चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. न्हाणीघरात धरायला दांडा, रात्री मंद दिवा आणि मागून पट्टा असलेली चप्पल, एवढ्याने बरेच टळते. मात्र पडण्याचे कारण पुष्कळदा औषधातही असते. रक्तदाब आडवे असताना मोजा, मग उभे राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला तर डॉक्टरांना सांगा. गोळी स्वतःहून बंद करू नका. झोपेच्या गोळ्यांबद्दलही विचारा. त्या वर्षानुवर्षे चालू असतात आणि कशासाठी सुरू केल्या होत्या हे कोणाला आठवत नाही.

ताटात काय असावे

संस्थेचे जेवण साधारणपणे भात, आमटी, पोळी, भाजी असते. त्यात प्रथिने कमी पडतात. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर वजनाच्या दर किलोमागे सुमारे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने हवीत. ताजे मासे, अंडी, दही, मूग, वाल यांतून ती मिळतात. सुकट आणि सुके बोंबील चवीला कितीही छान असले तरी रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी जपून खावेत. त्यांत मीठ फार असते.

गप्प बसणे म्हणजे विसरभोळेपणा नव्हे

भजनाला येणे बंद झाले, जेवणाच्या टेबलावर कोणी बोलत नाही, तर आधी कान तपासा. कधी नुसता मळ साचलेला असतो, कधी श्रवणयंत्र लागते. ऐकू येत नसल्याने माणूस बाजूला पडतो, आणि घरचे स्मृतिभ्रंश समजून बसतात. याउलट दोन दिवसांत अचानक सुरू झालेला गोंधळ, असंबद्ध बोलणे, दिवसा झोप आणि रात्री जाग ही तातडीची बाब आहे. त्यामागे लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, रक्तातले सोडियम कमी होणे किंवा नवे औषध असू शकते. ‘वय झालं’ म्हणून थांबू नका.

गणपतीला घरी न्यायचे असेल तर जरूर न्या. त्या पाच दिवसांचा आनंद महिनाभर पुरतो. मात्र औषधांची लिहिलेली यादी आणि इन्सुलिन सोबत घ्या, आणि मोदकांच्या गडबडीत जेवणाच्या वेळा चुकू देऊ नका.

जागा निवडताना

दुपारी चारच्या सुमारास, न कळवता जा. किती जण टीव्हीसमोर पेंगत आहेत ते पाहा. रात्री किती कर्मचारी असतात, औषधे कोण देतो आणि कुठे नोंदवतो, दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोकॉकल लस दिली जाते का, हे विचारा. या किनाऱ्यावर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. तसे पुन्हा झाले तर इन्सुलिन थंड कसे ठेवणार, ऑक्सिजन यंत्र कशावर चालणार, आणि पावसात रस्ता बंद झाला तर रुग्णाला कोणत्या मार्गाने नेणार? उत्तर कागदावर लिहिलेले दाखवा म्हणावे.

चेहरा एका बाजूला झुकणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसले तर नातेवाइकांची वाट न पाहता 108 ला फोन करावा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांतच देता येते. छळ, फसवणूक किंवा पालनपोषणाच्या तक्रारीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 आहे. हे दोन्ही आकडे खोलीतल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा.