पिवळ्या प्रथिनाचा चुकलेला नकाशा

मागच्या व्याख्यानात आपण डोळ्यातल्या रेटिनलपाशी थांबलो होतो. आज डोळाच नसलेल्या जिवांकडे जाऊ.

१८८३ मध्ये एंगेलमान यांनी जांभळ्या जिवाणूंचं एक वागणं नोंदवलं. उजेडातून अंधारात शिरताक्षणी हे जिवाणू दचकून मागे फिरत. 'दचकणं' हा शब्द आमचा नव्हे, त्यांचाच. पण दचकायला आधी कळावं लागतं. कळतं कशानं?

या प्रश्नाला हाताशी धरता येईल असं एक रेणूरूप उत्तर मिळायला शंभर वर्षं गेली. १९८५ मध्ये टेरी मेयर यांनी खाऱ्या पाण्यातल्या एका जांभळ्या जिवाणूतून रंगीत प्रथिनं वेगळी केली. त्या जिवाणूचं आजचं नाव हॅलोरोडोस्पिरा हॅलोफिला. त्यातलं एक प्रथिन पिवळंधमक होतं, अवघ्या १२५ अमिनो आम्लांचं. निळा उजेड टाकला की त्याचा रंग उडतो आणि साधारण सेकंदभरात परत येतो. पुढे १९९३ मध्ये दिसलं, की हा जिवाणू निळ्या उजेडापासून दूर पोहत जातो आणि तो ज्या तरंगलांबीला घाबरतो, तीच हे प्रथिन शोषतं, ४४६ नॅनोमीटरच्या आसपास.

आता गंमत बघा. १९८९ मध्ये क्ष-किरणांनी या प्रथिनाची रचना काढली गेली, २.४ अँगस्ट्रॉमपर्यंत. ती चरबीचे रेणू वाहून नेणाऱ्या प्रथिनांसारखी दिसली, रेटिनॉल वाहणारी प्रथिनं याच घराण्यातली. आतला रंगकण रेटिनलसारखा असावा, हा समज तिच्याशी छान जुळत होता. जरा जास्तच छान, असं आज म्हणता येतं! १९९४ मध्ये दोन गटांनी दाखवलं, की रंगकण रेटिनल नाहीच. तो आहे पॅरा-कुमॅरिक आम्ल, जे आपण वनस्पतींमध्ये ओळखतो, आणि तो ६९व्या जागेवरच्या सिस्टीनच्या गंधकाला जोडलेला आहे. मग १९९५ मध्ये एलिझाबेथ गेट्झॉफ यांच्या गटाने १.४ अँगस्ट्रॉमची नवी रचना छापली. प्रथिनाची घडीच वेगळी निघाली. आधीच्या चुकीच्या रचनेवरही गेट्झॉफ यांचं नाव होतं. स्वतःचाच नकाशा पुसायचा, म्हणजे सोपं काम नव्हे.

आणि पुसला नसता तर? १९९८ मध्ये ही नवी घडी 'पास' नावाच्या प्रथिनभागांचा नमुना ठरली. माशीच्या दैनंदिन घड्याळातल्या 'पीरियड' प्रथिनातही असे भाग आहेत. जुन्या नकाशावरून हे नातं कुणाला सुचलंच नसतं.

निरोप कसा जातो, तेही या घडीतच आहे. उजेड पडला की रंगकणातला एक दुहेरी बंध पिळतो, एका पिकोसेकंदाच्याही आत. मग शेजारच्या ४६व्या ग्लुटामेटचा प्रोटॉन रंगकणाकडे जातो. प्रथिनाच्या पोटात, जिथे पाणी पोचत नाही तिथे, एक ऋणभार उघडा पडतो. प्रथिनाला तो सोसवत नाही. ते सैल होतं, त्याचं सुरुवातीचं टोक सुटं होतं. हे सुटणं म्हणजेच निरोप, असं मानलं जातं.

पण हे सुटणं फोटोत नीट येईना. १९९७ मध्ये मिलिसेकंदांच्या टप्प्यावर स्फटिकातलं प्रथिन टिपलं गेलं, तेव्हा हालचाल रंगकणाभोवतीच दिसली. द्रावणातल्या प्रयोगांत मात्र मोठी उलथापालथ दिसत होती. कारण साधं आहे. स्फटिकात रेणू एकमेकांना चिकटून बसलेले असतात, आणि खच्चून भरलेल्या गाडीत हात वर करता येत नाही. म्हणजे ज्या स्फटिकाने आपल्याला बरोबर घडी दाखवली, त्यानेच तिचं उलगडणं दाबून धरलं होतं.