शिकारीच्या माळावरचा अशोकस्तंभ

उत्तर दिल्लीतलं हिंदूराव रुग्णालय दिल्लीकरांच्या रोजच्या बोलण्यातलं आहे. ते नाव मात्र थेट कागलपर्यंत पोचतं. हिंदूराव म्हणजे कागलकर घाटग्यांच्या घराण्यातले सरदार, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. रुग्णालय ज्या टेकडीवर आहे ती रिज, म्हणजे गुजरातेतून निघालेल्या अरवलीचं उत्तरेकडचं शेवटचं टोक. या टोकाशी दिल्लीच्या जंगलाचा आणि दिल्लीच्या इतिहासाचा एकत्र मुक्काम आहे.

रिज सलग नाही. उत्तर, मध्य, दक्षिण-मध्य आणि दक्षिण अशा चार तुकड्यांत मिळून ती सुमारे 7,777 हेक्टर भरते. त्यातला उत्तरेचा तुकडा अवघा 87 हेक्टरांचा. माती उथळ, खाली गारगोटीचा कठीण खडक आणि वर्षातले आठ-नऊ महिने कोरडे. अशा जमिनीवर उंच, घनदाट अरण्य वाढत नाही. इथलं मूळचं रान धौ, पळस, शमी, नेपती, पिलू, हिंगणबेट यांचं आणि मधल्या गवताचं. यातलं हिंगणबेट सेनेगलपासून सुदानपर्यंतच्या सॅव्हानातही सर्रास दिसतं. हत्ती आणि मातीच्या जुन्या मशिदी एकाच प्रवासात पाहायला लोक घानाच्या उत्तर भागात, मोले आणि लाराबांगाला जातात. वन्यजीव आणि वारसा यांची तशीच जोडी दिल्लीत शहराच्या पोटात आहे.

दिल्ली आणि पश्चिम आफ्रिका दोन्ही पाहिलेला एक माणूस चौदाव्या शतकात होऊन गेला. मोरोक्कोचा इब्न बतूता मुहम्मद तुघलकाच्या दिल्लीत काही वर्षं काझी होता. पुढे 1352 मध्ये तो सहारा ओलांडून मालीच्या राज्यात गेला. नायजर नदीकाठी त्याला रात्री मोठाले प्राणी दिसले. आधी ते हत्ती वाटले, नंतर कळलं की ते पाणघोडे. तो तिकडे फिरत होता तेव्हा दिल्लीच्या तख्तावर फिरोजशाह तुघलक नुकताच आला होता, आणि रिजचं नशीब त्याच्याच हातून पालटलं.

फिरोजशाहाला शिकारीचा आणि बांधकामाचा सारखाच नाद. त्याने रिजवर शिकारीसाठी कुश्क-इ-शिकार हा महाल उभारला. मालचा महाल आणि भूली भटियारी का महाल या रिजवरच्या इमारतीही त्याच्याच काळातल्या शिकारखान्यांत मोडतात. अशोकाचे दोन स्तंभही त्याने दिल्लीत आणवले. टोपऱ्याचा स्तंभ कसा आणला हे इतिहासकार अफीफने तपशिलात नोंदवलं आहे: सावरीच्या कापसाच्या राशीवर तो अलगद आडवा केला, वेत आणि कच्च्या कातड्यांत गुंडाळला, 42 चाकांच्या गाड्यावरून नदीपर्यंत ओढला आणि यमुनेतून नावांवर आणला. तो फिरोजशाह कोटल्यात उभा राहिला. मीरतेचा दुसरा स्तंभ 1356 मध्ये या शिकारमहालाशी रोवला गेला.

त्या महालाचा शिल्लक भाग पीर गैब या नावाने आज रुग्णालयाच्या आवारातच आहे. दगड-चुन्याची दुमजली, जाड भिंतींची वास्तू. वरच्या मजल्यावर जमिनीतून एक पोकळ गोल बांधकाम वर आलेलं आहे आणि त्याच्या नेमक्या रेषेत छतालाही भोक आहे. त्यावरून इथे आकाशाचं निरीक्षण चालत असावं, असं अभ्यासक मानतात. लोकांच्या आठवणीत मात्र इथे राहणारा आणि एके दिवशी दिसेनासा झालेला पीर उरला आहे. जवळच त्याच काळातली बावडी आहे.

मीरतेच्या स्तंभावर जे कोरलं आहे ते मात्र शिकारखान्याच्या अगदी उलट आहे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकानंतर 26 वर्षांनी, न मारण्याच्या पशुपक्ष्यांची लांबलचक यादी दिली आहे: पोपट, मैना, चक्रवाक, वटवाघूळ, साळिंदर, खारी. विनाकारण जंगल पेटवू नये, हेही त्यात बजावलं आहे. ती ब्राह्मी अक्षरं फिरोजशाहाच्या काळी कुणालाही वाचता आली नाहीत. जेम्स प्रिन्सेपने ती 1837 मध्ये उलगडली.

तोवर स्तंभ पडून गेला होता. फर्रुखसियरच्या कारकिर्दीत, 1713 ते 1719 च्या दरम्यान, दारूगोळ्याच्या स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले. टेकडीवर पुढे विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याने बंगला बांधला. सिंहांच्या शिकारीबद्दल त्याची ख्याती होती, कारण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्ली-हरियाणाच्या माळांवर सिंह अजून होते. 1835 मध्ये फ्रेझरचा खून झाला आणि बंगला हिंदूराव घाटग्यांनी घेतला. स्तंभाचे तुकडे त्यांनी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीला देऊ केले. एवढं वजन नेणं जमेना, म्हणून लेखाचा भाग कापून तिकडे गेला. तो परत आला आणि 1867 मध्ये तुकडे सांधून स्तंभ पुन्हा उभा राहिला. सांधे आजही उघड दिसतात.

मधल्या काळात 1857 चा उठाव होऊन गेला. 11 मे रोजी इंग्रज कुटुंबांनी रिजवरच्या फ्लॅगस्टाफ टॉवरचा आसरा घेतला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इंग्रजी फौज याच टेकडीवर तळ देऊन होती आणि हिंदूरावांचा वाडा हे तिचं सर्वांत मोक्याचं ठाणं होतं. वाडा तोफांनी चाळण झाला. 1863 मध्ये इंग्रजांनी इथे विजयाचं स्मारक बांधलं. 1972 मध्ये त्याचं नाव अजितगढ झालं.

राजधानी दिल्लीला आल्यावर 1913 मध्ये मध्य रिजचा मोठा भाग राखीव जंगल ठरला. नव्या शहरामागे हिरवी पार्श्वभूमी हवी होती, म्हणून मेक्सिकोकडची विलायती कीकर, आपली वेडी बाभूळ, इथे लावली गेली. ती झपाट्याने वाढली आणि तिने धौ-पळसाला हुसकावलं. आज रिजवर दिसणारी हिरवळ बरीचशी तिचीच आहे.

जंगल वाचलं ते मात्र लोकांमुळे. 1979 मध्ये रिजवरची तोड थांबवण्यासाठी दिल्लीतले विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यातून ‘कल्पवृक्ष’ ही संस्था उभी राहिली, जिचं काम आज पुण्यातून चालतं. दक्षिण रिजवरच्या खाणींच्या जागी असोला-भाटी अभयारण्य झालं. तिथे मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निसर्गशिक्षणाचं केंद्र चालवते. नीलगायी, कोल्हे, साळिंदर आणि बिबटेही तिथे नांदतात.

या टेकडीची खरी अडचण तिच्या वाटणीत आहे. झाडं वन खात्याकडे, वास्तू पुरातत्त्व खात्याकडे, रुग्णालय महापालिकेकडे. कीकर हटवून मूळची झाडं लावायची आणि पीर गैब, बावडी, स्तंभ जपायचे, ही दोन कामं वेगळी नाहीत. दोन्हींचा आराखडा एकच हवा. दिल्लीला जाणाऱ्या मराठी माणसाने लाल किल्ला, कुतुबमिनार जरूर पाहावेत. त्याचबरोबर एक सकाळ राखून ठेवून विश्वविद्यालय मेट्रो स्थानकावर उतरावं, फ्लॅगस्टाफ टॉवरपासून हिंदूरावांच्या वाड्याच्या जागेपर्यंत ही टेकडी पायी चालावी, आणि परतल्यावर चार जणांना तिच्याबद्दल सांगावं.