आउगुस्टेला विचारलेले प्रश्न

घरातलं वडीलधारं माणूस विसरायला लागलं की ‘म्हातारचळ’ म्हणून आपण मोकळे होतो. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर जिभेवरच असते. पण जिच्यामुळे या आजाराची वैद्यकाला नीट ओळख पटली, ती बाई साठीचीही नव्हती. अवघी ५१ वर्षांची होती.

आउगुस्टे डेटर तिचं नाव. जर्मनीतल्या फ्रँकफुर्टची. नवरा कार्ल रेल्वेत कारकून. संसार बरा चालला होता, आणि ती नवऱ्यावर संशय घेऊ लागली, स्वयंपाकात चुकू लागली, घरातल्या वस्तू लपवू लागली. शेवटी २५ नोव्हेंबर १९०१ रोजी तिला मनोरुग्णालयात दाखल केलं. दुसऱ्या दिवशी डॉ. आलोइस अल्झायमर तिच्यापाशी आले. त्यांनी प्रश्नोत्तरं जशीच्या तशी टिपून ठेवली.

तुमचं नाव? आउगुस्टे. आडनाव? आउगुस्टे. नवऱ्याचं नाव? ती अडखळली. म्हणाली, मला वाटतं, आउगुस्टे. दुपारी ती फ्लॉवर आणि डुकराचं मांस जेवत होती. काय खाताय, असं विचारलं तर म्हणाली, पालक. नाव लिहायला सांगितलं, तर ‘श्रीमती’ एवढं लिहून पुढचं विसरली. एकेक शब्द पुन्हा सांगावा लागला.

आणि अशा लिहिण्याच्या धडपडीत ती म्हणाली, ‘मी, म्हणजे असं म्हणा ना, स्वतःला हरवून बसलेय.’

विसरणाऱ्याला आपण विसरतोय हे कळत नाही, असं आपण किती सहज धरून चालतो! या बाईला आडनाव सांगता येत नव्हतं. पण काय हरवलंय, हे पक्कं ठाऊक होतं.

८ एप्रिल १९०६ रोजी ती गेली. अल्झायमर तेव्हा म्युनिकला होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना पेशींमध्ये तंतूंचा गुंता दिसला आणि पेशींच्या बाहेर साचलेले थर. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या सभेत त्यांनी ते मांडलं. सभेतून एकही प्रश्न आला नाही. पुढे १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं. बाई वैद्यकात नुसती ‘आउगुस्टे डी.’ राहिली. तिची फाईलही कुठेतरी गहाळ झाली, ती सापडली थेट १९९५ मध्ये. विसरण्याची कागदपत्रंच विसरली गेली होती!

डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी निदान बसून ऐकलं, लिहून ठेवलं. मी काय करत होतो? माझी अम्मी विसरू लागली तेव्हा रोज सकाळी तिच्यासमोर उभा राहून विचारायचो, ‘अम्मी, ओळख बरं, मी कोण?’ पाहुण्यांसमोरसुद्धा. ती चुकली की मी सुधारायचो, आणि ती पदराचं टोक बोटांभोवती गुंडाळत बसायची. शाळेत उत्तर न येणाऱ्या पोरीसारखी. मला वाटायचं, आपण तिची आठवण जागी ठेवतोय.

आउगुस्टेची ती प्रश्नोत्तरं वाचली आणि ही परीक्षा बंद केली. आता खोलीत शिरताना मीच माझं नाव सांगतो. कधी ती म्हणते, ‘माहीत आहे रे.’ कधी म्हणते, ‘बसा. माझा मुलगा येईलच इतक्यात.’

मग मी बसतो.